तांबडें निशाण आणि गाडीचें वजन

इंग्लंडच्या रस्त्यांवर वाफेचीं अवजड यंत्रें धावूं लागलीं, तेव्हां पार्लमेंटानें बंधन घातलें तें यंत्रावर, पायीं चालणारावर नव्हे. १८६५ च्या कायद्यान्वयें यंत्राबरोबर निदान ३ माणसें हवीं होतीं. त्यांपैकीं एकानें तांबडें निशाण घेऊन ६० यार्ड पुढें चालावयाचें होतें. आणि वेगाची मर्यादा गांवांत ताशीं २ मैल, बाहेर ४ मैल होती. या निशाणाची पुढें फार थट्टा झाली. ती सर्वस्वीं अयोग्य होती असें नाहीं. पण जो जड त्यानें जपून चालावें, हें त्यामागील तत्त्व हंसण्यासारखें खास नव्हतें.

१८९६ सालीं ३ टनांहून हलक्या गाड्या या जाचांतून सुटल्या. १४ नोव्हेंबरला नवा कायदा अमलांत आला, आणि मोटारवाल्यांनीं लंडनहून ब्रायटनपर्यंत गाड्या नेऊन उत्सव केला. त्यापूर्वीं तीनच महिने, १७ ऑगस्टला, क्रिस्टल पॅलेसच्या आवारांत आपल्या मुलीसह चाललेली एक बाई मोटारीखालीं सांपडून मरण पावली होती. मोटारीनें बळी घेतलेली ब्रिटनमधील ती पहिली पादचारी समजली जाते. गाडी ताशीं चारच मैलांनीं जात होती, असें चालकाचें म्हणणें पडलें!

१९०३ च्या कायद्यानें २० मैलांची मर्यादा आणि गाडीला नंबर आला. परवान्यास मात्र फी पुरे होती, परीक्षा नव्हती. १९३० त लहान खासगी मोटारींची वेगमर्यादा साफ काढून टाकण्यांत आली. १९३४ सालीं रस्त्यांवर ७,३४३ माणसें मेलीं. त्यांत निम्म्याच्या सुमारास पादचारी होते. तेव्हां कोठें १९३५ च्या मार्चपासून वस्तींत ३० मैलांची मर्यादा परत आली आणि जूनपासून नव्या चालकांस परीक्षा सक्तीची झाली. वाहतूकमंत्री होर-बेलिशा यांच्या नांवाचे, पिंवळ्या गोळ्यांचे खांबही याच सुमारास रस्ते ओलांडण्याच्या जागीं उभे राहिले.

यानंतर कायद्याची दृष्टि गाडीच्या आंत वळली. ३१ जानेवारी १९८३ पासून पुढील आसनांवरील माणसांस पट्टा बांधणें सक्तीचें झालें, आणि त्यानें पुष्कळांचे प्राण वांचविले. पण हा पट्टा बाहेरच्या माणसाच्या काय कामाचा? ठेंगण्या मोटारीचा धक्का पायांस बसतो आणि माणूस तिच्या टपावर कलंडतो. उंच, उभ्या तोंडाच्या गाडीचा धक्का छातीस बसून तो पुढें, चाकांच्या वाटेवर, आपटण्याचें भय अधिक. हलक्या मोटारीशीं टक्कर झाल्यास जें वजन आंतल्या उतारूंस तारतें, तेंच समोरच्या गाडींतील माणसांवर उलटतें.

पादचाऱ्याच्या दृष्टीनें मोटारीचें तोंड तपासण्याचा युरोपीय संघाचा आदेश निघाला तो २००३ सालीं. ब्रिटन तेव्हां त्या संघांत होतें. त्या आदेशांतही वजनाची रेघ होती. पण ती आतां उलट्या बाजूची. उतारू वाहणाऱ्या गाड्यांपैकीं भारासह अडीच टनांपर्यंतच्या गाड्यांनाच ती तपासणी लागू झाली. त्याहून जड गाड्या सुटल्या. १८६५ सालीं जी गाडी निशाणामागून चालली असती, तिलाच आतां सूट मिळाली. २००९ च्या नियमानें जड गाड्यांनाही त्या कक्षेंत घेतलें, तेंही नव्या गाड्यांपुरतें आणि टप्प्याटप्प्यानें. मधल्या वर्षांत विकल्या गेलेल्या गाड्या रस्त्यावर राहिल्याच.