डेव्हिड स्मिथ : जोडकामातून उभे राहिलेले शिल्प

अमेरिकन शिल्पकार डेव्हिड स्मिथ (1906–1965) यांच्या कारकिर्दीचे टप्पे सहसा शैलीवरून पाडले जातात. धातू कुठून आला आणि कसा जोडला गेला, यावरून ते पाडणे मला अधिक योग्य वाटते. कच्चा माल बदलला की त्यांच्या शिल्पांचा आकारही बदलत गेला.

धातुशिल्पाची जुनी रीत ओतकामाची. मूर्ती आधी मातीत किंवा मेणात घडते आणि मग साच्यातून ब्राँझमध्ये उतरते. वेल्डिंगने हा क्रमच मोडला. स्मिथ 1925 साली साउथ बेंडच्या स्टुडबेकर मोटार कारखान्यात कामाला होते. नंतर न्यूयॉर्कला जाऊन ते चित्रकला शिकले. पिकासो आणि हुलिओ गोन्सालेस यांच्या लोखंडी शिल्पांची छायाचित्रे एका फ्रेंच कलानियतकालिकात पाहिल्यावर कारखान्यातला हात आणि चित्रकाराची नजर यांचा मेळ त्यांना सापडला. 1933 मध्ये त्यांनी पहिली वेल्डिंगची शिल्पे केली. पुढे ब्रुकलिनच्या धक्क्यावरील ‘टर्मिनल आयर्न वर्क्स’ या वर्कशॉपमध्ये ते काम करू लागले आणि 1940 साली न्यूयॉर्क राज्यातील बोल्टन लँडिंग या गावी कायमचे राहायला गेल्यावर स्वतःच्या कार्यशाळेलाही त्यांनी तेच नाव दिले. युद्धकाळात रेल्वे इंजिने आणि रणगाडे यांच्या वेल्डिंगची नोकरी केली, त्यातून हात आणखी पक्का झाला.

1950 साली गुगेनहाइम फेलोशिप मिळाली आणि मुबलक धातू विकत घेणे शक्य झाले. लगेच 1951 मध्ये ‘हडसन रिव्हर लँडस्केप’ आणि ‘ऑस्ट्रेलिया’ ही शिल्पे आली. त्यांत वस्तुमान जवळजवळ उरलेच नाही. पोलादी रेषांमधली मोकळी जागाच शिल्पाचा भाग झाली. ही त्यांची सर्वांत मूलगामी झेप, असे माझे मत आहे. ‘अग्रिकोला’ मालिकेत शेतीच्या जुन्या अवजारांचे भाग आले. तिथून पुढे त्यांचे काम समजून घ्यायचे तर एकेक शिल्प सुटे न पाहता मालिका पाहावी लागते.

याचा सर्वांत ठळक पुरावा 1962 चा. इटलीतील स्पोलेतो महोत्सवासाठी एक-दोन शिल्पे हवी होती. जेनोआजवळच्या व्होल्त्री येथील बंद पडलेल्या पोलाद कारखान्यात स्मिथनी 30 दिवसांत 27 शिल्पे उभी केली. तिथले चिमटे, चाके, पत्र्याचे तुकडे यांनीच रचना सुचवल्या. उरलेला माल त्यांनी जहाजाने अमेरिकेला मागवला आणि त्यातून आणखी एक मालिका झाली.

याच्या उलट ‘क्युबी’ मालिका. इथे सापडलेले भंगार नाही. स्टेनलेस स्टीलच्या पत्र्यांपासून बनवून घेतलेले पोकळ ठोकळे आहेत. खोक्यांचे पुठ्ठे चिकटवून ते आधी रचना तपासत. पृष्ठभागावर ग्राइंडर असा फिरवत की त्याचे वळसे ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे दिसत आणि उघड्यावर बदलत्या उजेडात तोल सतत हलतो आहे असे वाटे. अशी 28 शिल्पे झाली. मे 1965 मध्ये मोटार अपघातात स्मिथ यांचा मृत्यू झाला.

आयुष्यभर ते शिल्पे रंगवत राहिले. मृत्यूनंतर त्यांच्या मालमत्तेच्या विश्वस्तांपैकी एक, समीक्षक क्लेमेंट ग्रीनबर्ग, यांच्या संमतीने काही शिल्पांवरचा रंग काढला गेला, काही उन्हापावसात तशीच सोडली गेली. 1974 साली कलासमीक्षक रोझलिंड क्राउस यांनी हे लेखातून उघड केले. रंगाखालचा धातू हेच खरे शिल्प, हा समज या कृतीमागे होता. चित्रकलेतून आलेल्या माणसाच्या बाबतीत तो सरळ चूक होता, आणि त्या शिल्पांवरचा मूळ हात आता परत मिळणार नाही.