ठेव्याचा पत्ता



आपल्या नामपूरहून मोसमच्या काठाने वर जाऊ लागले की ताहाराबाद लागते, पुढे मुल्हेर आणि त्याहीपुढे साल्हेर. या वाटेवरील कोणत्याही डोंगराचे नाव काढा. त्याच्या पोटात द्रव्य पुरले असल्याची कथा सांगणारा कोणीतरी भेटल्यावाचून राहत नाही. याला कारणही तसेच आहे. मुल्हेर म्हणजे बागूल राजांचे मयूरगिरी. त्यांच्या आश्रयास असलेल्या रुद्रकवीने १५९६ साली ‘राष्ट्रौढवंश महाकाव्य’ पुरे केले. १६३८ मध्ये औरंगजेबाच्या फौजांनी हे राज्य बुडविले. पुढे १६७० साली सुरत दुसऱ्यांदा लुटून शिवाजी महाराज परतले, तेही याच बागलाणातून. जुनी राजधानी, तिचा पाडाव आणि सुरतेची लूट, एवढे सगळे एका मुलखाच्या वाट्यास आल्यावर लोकांनी गुप्तधन कल्पिले नसते तरच नवल.

या कथांत एक गोष्ट मात्र हटकून सारखी असते. ठेवा आहे, याविषयी सांगणाऱ्याला तिळमात्र शंका नसते. तो कोठे आहे, हे मात्र त्याला धड सांगता येत नाही. वडाच्या सावलीपासून सात पावले म्हणावे, तर वड केव्हाच पडलेला. आणि सावली कोणत्या महिन्यातील, कोणत्या प्रहरातील, हे कोणी लिहून ठेवलेले नसते. पत्ता असा मोघम असला म्हणजे माणूस एक खड्डा खणून थांबत नाही, दहा खणतो. गडावरील चौथरे आणि समाध्यांचे पाये त्यापायी उखडले जातात. कायदा याविषयी स्पष्ट आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची ठेव जिल्हाधिकाऱ्यांना कळवावीच लागते, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणाऱ्यास २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने शिक्षा आहे. परंतु कायद्याने हाव आटोक्यात आली असती, तर जगात पुष्कळच गोष्टी सोप्या झाल्या असत्या!

आज मी ज्याचा इतिहास सांगणार आहे तो खेळ या हावेच्या नेमका उलट आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. ‘जिओ’ म्हणजे पृथ्वी; आणि ‘कॅश’ हा फ्रेंचातून इंग्रजीत गेलेला शब्द, त्याचा अर्थ लपविलेला साठा. रोकड या अर्थाच्या ‘कॅश’शी त्याचा संबंध नाही, आणि डबीत रोकड नसतेही. एकाने पाणी शिरणार नाही अशी डबी घ्यावयाची, तीत लहानशी वही ठेवावयाची, डबी दगडाच्या कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत दडवावयाची आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश साऱ्या जगाला उघड सांगावयाचे. दुसऱ्याने ते आकडे मोबाईलमध्ये घालून तेथवर जावयाचे, डबी हुडकावयाची, वहीत नाव व तारीख लिहावयाची आणि डबी होती तशी परत ठेवावयाची. आत एखादे खेळणे असेल तर ते घेता येते, पण तेवढ्याच किंवा अधिक मोलाचे काही मागे ठेवून. आणखी एक नियम आपल्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. डबी जमिनीत पुरण्यास मनाई आहे. ज्याला कुदळ लागेल असा ठेवा या खेळात चालतच नाही.

खेळ पंचविशीचा असला तरी त्याच्यामागची विद्या जुनी आहे. ती म्हणजे जागा सांगण्याची विद्या. आपल्याकडील जुनी रीत चतुःसीमेची. ताम्रपटांत दान दिलेल्या जमिनीच्या चारही दिशांना काय आहे ते नोंदलेले असते, आणि आजच्या खरेदीखतातही पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओहोळ, असेच लिहितात. ही रीत टाकाऊ नव्हे. पण ती शेजाऱ्यावर विसंबून असते. शेजारी शेत विकतो, ओहोळ पात्र बदलतो, आणि मग बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात उभे राहतात. इंग्रजी अमलात १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून नव्या मोजणीचा पाया घातला. मुंबई इलाख्याच्या मोजणीत तेहतीस फुटांची साखळी चाले. ती साखळी लांब आणि तेवढीच रुंद जमीन म्हणजे आपला गुंठा. असे चाळीस गुंठे मिळून एकर. सातबाऱ्यावर बोट ठेवून आपण गुंठे मोजतो, तेव्हा त्या जुन्या साखळीच्या कड्याच मोजत असतो.

साखळी शेतापुरती पुरी पडते. सबंध देशात एखादा बिंदू कोठे आहे हे सांगावयाचे, तर निराळी युक्ती लागते. ती विल्यम लँबटन याने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ योजावयास आरंभ केला. सपाट जमिनीवर सुमारे साडेसात मैलांची एक रेघ अत्यंत काटेकोरपणे मोजावयाची आणि तिच्या दोन टोकांवरून दूरच्या टेकडीकडे पाहून कोन घ्यावयाचे. एक बाजू व दोन कोन कळले की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. मग त्या बाजूवर पुढचा त्रिकोण, त्याच्यावर आणखी पुढचा. कोन घेण्याचे यंत्र अर्ध्या टनाचे होते, आणि ते डोंगर-देवळांवर चढवावे लागे. लँबटन हे काम करीत उत्तरेकडे सरकत असता, नागपूरच्या वाटेवर, हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी मरण पावला. त्याची कबर तेथेच आहे. त्याच्यामागून आलेल्या एव्हरेस्टचे नाव शिखरास मिळाले आणि शाळकरी पोरांच्याही तोंडी बसले. ज्याने आयुष्य या त्रिकोणांत घातले त्या लँबटनचे नाव आपल्या महाराष्ट्रात मोजक्यांनाच ठाऊक असावे, हे काही बरे नाही.

आता मौजेची गोष्ट पाहा. त्रिकोणाचे प्रत्येक टोक कायम राहावे म्हणून मोजणीदार त्या जागी दगडावर एक वर्तुळ व त्याच्या मध्यावर एक टिंब कोरीत. पुष्कळ ठिकाणी त्या दगडाच्या बरोबर खाली, एकाच लंबात, तसेच चिन्ह असलेला दुसरा दगड पुरून ठेवीत. वरचा कोणी हलविला तरी खालच्याने साक्ष द्यावी हा हेतू. अशा जागा सांभाळण्याचे काम गावच्या पाटलांकडे व जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे सोपविले जाई, आणि त्यांचे अक्षांश-रेखांश अंश, कला, विकलांसह छापील ग्रंथांत प्रसिद्ध होत. म्हणजे ठेवा पुरलेला, पत्ता जाहीर, आणि खाली काय, तर एक टिंब! नागपुरास गेलात तर झीरो माइलच्या खांबाशेजारी याच मोजणीचा १९०७ सालचा उंची दर्शविणारा दगड अवश्य पाहा. आजच्या डबीचा तो वडीलधारा नातलग आहे.

लँबटनने कोन मोजले. आज आकाशातील उपग्रह अंतरे मोजू देतात. अमेरिकेने या मालिकेतील पहिला उपग्रह १९७८ मध्ये सोडला आणि १९९५ मध्ये सर्व यंत्रणा पुरती कामास लागली. सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून हे उपग्रह आपली जागा आणि आपल्या घड्याळातील वेळ सतत सांगत असतात. तो संदेश पोहोचावयास किती वेळ लागला यावरून अंतर निघते. समजा, मी सालोट्यापासून अमुक कोसांवर आहे एवढेच सांगितले, तर मी एका वर्तुळावर कोठेही असेन. मुल्हेरपासूनचे अंतरही सांगितले तर दोनच जागा उरतात. आणि मोरागडापासूनचे सांगितले की एकच. आकाशात चार उपग्रह लागतात, कारण उंचीही काढावयाची असते आणि आपल्या मोबाईलचे घड्याळ पुरेसे अचूक नसते. घड्याळ सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाने चुकले, तरी अंतर तीनशे मीटरांनी चुकते!

ही यंत्रणा मुळात लष्करी. म्हणून सामान्य लोकांना मिळणारा संदेश मुद्दाम बिघडवून दिला जाई, आणि सुमारे शंभर मीटरांची चूक त्यात राही. शंभर मीटरांत डबी कोण शोधणार? १ मे २००० रोजी, म्हणजे आपल्या महाराष्ट्र दिनीच, अध्यक्ष क्लिंटन यांनी हा बिघाड बंद करीत असल्याचे जाहीर केले आणि त्याच रात्री तो बंद झाला. दोन दिवसांनी, ३ मे रोजी, ऑरेगॉन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर या गृहस्थाने रानात एक बादली ठेवली. तीत वही, पेन्सिल, काही पुस्तके, एक गोफणीवजा गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. त्याने आकडे जाहीर केले, आणि तीन दिवसांच्या आत ती सापडली. त्याच वर्षी सप्टेंबरात जेरेमी आयरिश याने अशा ठेव्यांची नोंद एके ठिकाणी ठेवण्याची सोय केली, तेव्हा ते पंचाहत्तर होते. आज जगभर ते तीस लाखांहून अधिक आहेत.

प्रारंभी यासाठी स्वतंत्र यंत्र विकत घ्यावे लागे. मोबाईलमध्ये ते आले आणि अ‍ॅप निघाली, तसा हा छंद मध्यमवर्गाच्या खिशात मावला. अ‍ॅप नकाशावर ठिपके दाखविते, बाणाने दिशा दाखविते, अंतर सांगते. ठेव्याचा पत्ता कलेच्या हजाराव्या भागापर्यंत देतात. अक्षांशाची एक कला सुमारे १८५२ मीटरांची, तेव्हा हजारावा भाग म्हणजे माणसाच्या उंचीएवढे अंतर झाले. तथापि मोबाईल स्वतः मोकळ्या माळावर पाचएक मीटर चुकतो, आणि कड्याखाली अधिक, कारण संदेश कातळावर आपटून वळसा घेऊन येतो. म्हणून शेवटची दहा पावले खिशातील यंत्राची नसतात, डोळ्यांची असतात. गडाकडे जाणाऱ्यांनी नकाशा घरूनच मोबाईलमध्ये उतरवून घ्यावा. डोंगरात रेंज मिळेलच असे नाही.

पण लोक त्या डबीसाठी एवढी तंगडतोड का करतात? मला वाटते, वहीसाठी. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये क्रॅनमिअरच्या दलदलीजवळ एक बाटली ठेवली. तेथवर पोहोचणारे तीत आपले नावाचे कार्ड टाकीत. आपल्याला इतक्या दूर जाण्याचे कारण नाही. नाशिकला, त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांकडे वंशावळींच्या वह्या असतात. माणूस तेथे जातो, गाव व आडनाव सांगतो, उपाध्याय बाडातून वही काढतात आणि आजोबांच्या हातची सही समोर येते. सोन्याचा हंडा सापडला तरी डोळ्यांत असे पाणी येईल की नाही कोण जाणे. डबीतील वही या मानाने पोरवयाची, परंतु जात तीच.

आता आपल्याकडील अडचण. भारतात हा छंद अजून विरळ आहे, आणि त्याचे दुःख फार करू नये. जेथे चार पावलांवर माणूस भेटतो तेथे दगडामागे डबी दडविणारा संशयित ठरतो. १९९३ च्या मुंबईतील स्फोटांपासून बेवारस वस्तूस हात लावू नका, पोलिसांना कळवा, हे आपल्याला शिकविण्यात आले आहे. आपल्या शेजारच्या मालेगावाने २००६ आणि २००८ साली स्फोटांत माणसे गमावली. अशा मुलखात कोणी हौसेने स्थानकाच्या किंवा बाजाराच्या आवारात डबी ठेवील, तर त्यास हौस म्हणू नये. खेळाच्या नियमातही जागेच्या मालकाची परवानगी लागते. तीही शेताच्या धन्याची, वनखात्याची किंवा पुरातत्त्व खात्याची, जेथे जशी लागेल तशी. आणि पारदर्शक डबीवर आत काय आहे ते मराठीत लिहिलेले असावे, ही माझी आपली एक भर.

साल्हेरचा प्रश्न आणखी नाजूक आहे. १५६७ मीटर उंचीचा हा गड महाराष्ट्रातील सर्वांत उंच किल्ला. राज्याच्या पुरातत्त्व विभागाचे संरक्षित स्मारक. आणि जुलै २०२५ मध्ये ‘युनेस्को’ने जागतिक वारशात घेतलेल्या बारा मराठा किल्ल्यांपैकी एक. माणसांची रीघ आता वाढणार. त्यांच्यापैकी कोणी तटाच्या सांध्यातील चिरा हलवून मागे डबी सारली, तर गुप्तधनवाल्याच्या कुदळीत आणि त्याच्या बोटांत मी फरक मानणार नाही. सुदैवाने या छंदात २००४ पासून असा एक प्रकार आहे की, ज्यात डबीच नसते. त्यास अर्थकॅश म्हणतात. भूशास्त्राच्या दृष्टीने पाहण्याजोग्या जागेचे आकडे जाहीर करावयाचे आणि तेथे उभे राहिल्यावाचून उत्तर देता येणार नाही असा प्रश्न घालावयाचा. आपला सह्याद्री सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर थर चढून झालेला आहे. त्यामुळे साल्हेरसाठी प्रश्न शोधावयास लांब जावे लागणार नाही. साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत उभे राहावे, उन्हे तिरपी होऊ द्यावीत, आणि समोरच्या कड्यात काळ्या कातळाचे थर किती दिसतात ते खालून वर मोजावेत.