डोहाळे, बाळंतविडा आणि बाळंतिणीची खोली

चैत्र शुद्ध तृतीयेस आपल्या घराघरांतून चैत्रगौर झोपाळ्यावर बसते. कैरी घालून वाटलेली डाळ, पन्हे आणि ओटीसाठी भिजविलेले हरभरे यांनी आलेल्या सवाष्णींचा सत्कार होतो. ह्याच सुमारास घरातील लेक किंवा सून सातव्या महिन्यात असेल, तर तिलाही हिरवे लुगडे नेसवून, हिरवा चुडा भरून, फुलांची वाडी भरून झोपाळ्यावर बसवितात. देवीला जे आसन, तेच गर्भवतीला. हा मान तिला केव्हापासून मिळत आला, त्यामागे आपल्या पूर्वजांचा काय विचार होता आणि तो विचार शेवटपर्यंत टिकला की नाही, ह्याचा थोडासा इतिहास आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

‘डोहाळे’ हा शब्द संस्कृतातील ‘दोहद’ ह्या शब्दापासून आपल्याकडे आला. पण मौज अशी की, संस्कृत कवींनी हा शब्द स्त्रीइतकाच वृक्षांसही लावलेला आहे. वसंत आला तरी अशोक फुलत नसेल, तर त्यास सुंदर स्त्रीच्या पदाघाताचा दोहद झालेला आहे, असा त्यांचा संकेत. कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ नाटकाच्या कथानकात ह्या संकेतास महत्त्वाचे स्थान आहे. झोपाळ्यावरून पडून राणी धारिणीचा पाय दुखावतो, म्हणून अशोकाचा दोहद पुरविण्यासाठी ती मालविकेस पाठविते. पाच रात्रींच्या आत झाड फुलले तर तुझा मनोरथ पुरवीन, असे वचनही देते. फुलावयास आलेला वृक्ष आणि फळावयास आलेली स्त्री ह्यांची इच्छा अपुरी ठेवू नये, ही भावना ह्या संकेताच्या मुळाशी आहे. चैत्र शुद्ध अष्टमीस अशोकाच्या आठ कळ्या प्राशन करण्याचे जे व्रत आपल्या पंचांगात दिलेले असते, त्यातही हीच शोकरहित होण्याची प्रार्थना आहे.

कवींच्या मागे वैद्यही होते. सुश्रुताच्या मते चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते. म्हणून त्या स्त्रीच्या ठिकाणी दोन हृदये नांदतात आणि तिच्या मुखाने गर्भच आपली इच्छा बोलतो. ती इच्छा मारली तर मूल व्यंग होते, असे त्याने बजाविले आहे. हे कारण आजच्या शास्त्रास मान्य होणार नाही. पण त्याचा व्यावहारिक परिणाम फार हितकारक झाला. ज्या घरात सुनेने तोंड उघडून काही मागणे हे मर्यादेस सोडून समजले जाई, त्या घरात काही महिने तरी तिला मागण्याचा अधिकार मिळाला.

हा अधिकार वापरण्याचा संकोच राणीलाही होताच. ‘रघुवंशा’च्या तिसऱ्या सर्गात सुदक्षिणेस माती खाण्याचे डोहाळे लागलेले आहेत. ती लाजेने काही सांगत नाही, म्हणून दिलीप राजा तिच्या सख्यांस पुनःपुन्हा विचारतो की हिला काय हवेसे वाटते? माती खाण्याच्या ह्या इच्छेचा संबंध शरीरातील लोहाच्या उणिवेशी असतो, असे आजचे वैद्यक सांगते. कालिदासास लोहाची वार्ता नसेल, पण त्याचे निरीक्षण बिनचूक होते.

आता सीमंतोन्नयन संस्काराकडे वळू. गृह्यसूत्रांच्या काळी हा संस्कार घरगुती, जवळजवळ स्वयंपाकघरातला होता. पतीने उंबराच्या कोवळ्या फळांचा घोस, साळींदराचे काटे आणि कुशांच्या जुड्या घेऊन पत्नीचा भांग वर काढावयाचा. वीणा वाजविणाऱ्यांनी सोमराजाचे गान करावयाचे आणि ज्या नदीकाठी आपली वस्ती असेल तिचे नाव घ्यावयाचे, असे आश्वलायन सांगतो. गोभिलाने तर एक फार हृद्य विधी दिला आहे. तांदूळ व तीळ एकत्र शिजवून त्यावर तूप घालावयाचे आणि ते पात्र तिच्यापुढे धरून पतीने विचारावयाचे, ‘काय दिसते?’ तिने उत्तर द्यावयाचे, ‘प्रजा.’ मग तो भात तिनेच खावयाचा आणि भोवती बसलेल्या स्त्रियांनी मंगल शब्द बोलावयाचे. डोहाळजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांपैकी एक उघडून पेढा निघाला की बर्फी, ह्यावरून आपल्या स्त्रिया मुलगा-मुलीचा खेळ खेळतात. अन्नाच्या भांड्यात उद्याचे मूल पाहण्याची कल्पना किती जुनी आहे, हे गोभिलाच्या ह्या विधीवरून ध्यानात येईल.

परंतु डोहाळे पुरविणे म्हणजे स्त्रीचे रक्षण करणे नव्हे, हेही आपल्या एका महाकवीने फार पूर्वी ओळखले होते. भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’त वडीलधाऱ्यांचा निरोप येतो की, सीतेची जी इच्छा होईल ती तत्काळ पुरवावी. चित्रे पाहता पाहता तिला पुन्हा अरण्यात जाण्याची, भागीरथीत स्नान करण्याची इच्छा होते. रथ सिद्ध होतो. आणि त्याच रथातून तिचा त्याग घडतो! डोहाळा अक्षरशः पुरविला गेला, पण ज्या घराने तो पुरविला त्याच घराने तिला निराधार केले. आपल्या गृहजीवनाचा पुढील इतिहास वाचताना हा प्रसंग मला वारंवार आठवतो.

महाराष्ट्रातील घरे घेऊ. येथे गर्भवतीचे महिने म्हणजे सर्व घराच्या हातांना काम. जुनी सुती लुगडी आणि धोतरे ह्या दिवसांसाठी जपून ठेवलेली असत. अनेक वेळा धुऊन मऊ झालेले ते कापड फाडून त्याची बाळुती व्हावयाची, दुपटी शिवली जावयाची, एकावर एक थर घालून गोधडीला टाके पडावयाचे. नव्या कापडाची खळ तान्ह्या अंगास टोचते, हे त्यातील शहाणपण. आणि जन्मापूर्वी बाळासाठी नवे काही आणू नये, ह्या समजुतीमागे एक न बोललेले भय. कितीतरी पाळणे रिकामे राहत होते, हे त्या शिवणाऱ्या बायकांना पुरते ठाऊक होते. बाळ सुखरूप आल्यावर मग माहेरचा बाळंतविडा यावयाचा: झबली, टोपडी, कुंची, दुपटी आणि बाळंतिणीसाठी लुगडे-चोळी. खणाची किंवा रेशमाची कुंची ही तर मावशी-आत्यांच्या कसबाची कसोटीच. पुढे शाळांतून आणि शिवणवर्गांतून लोकरीचे विणकाम शिकविले जाऊ लागले आणि बाळंतविड्यात लोकरीचे मोजे व टोपरे येऊन बसले.

स्वयंपाकघरातील तयारीही तितकीच जय्यत. डोहाळ्यांसाठी कैरी, चिंच, आवळा. बाळंतपणासाठी डिंक, खारीक, खसखस, अळीव, बाळंतशेपा आणि ओवा हे निवडून, वाळवून डब्यांत भरून ठेवावयाचे. आपल्या जुन्या चुलीवर भट्टीचे पदार्थ होत नसत. तथापि नानकटाईसारखा पदार्थ शहरांत रुळल्यावर गृहिणींनी त्यावरही तोड काढली. पातेल्याच्या खाली निखारे आणि वरच्या झाकणावरही निखारे ठेवून त्या नानकटाई भाजीत. किंवा तूप, साखर, पीठ घरून देऊन बेकरीतून भाजून आणीत. आज काही घरांत विजेची भट्टी आहे आणि डोहाळजेवणास केक होतो. त्याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. हेतू जुनाच आहे.

येथवरचे चित्र गोड आहे. पण ज्या दिवशी वेणा सुरू होत, त्या दिवशी हेच घर एकाएकी बदलत असे. सातव्या महिन्यात जी झोपाळ्यावर बसली होती, तिला घरातील अंधारी, कोंदट खोली मिळावयाची. वारा लागू नये म्हणून झरोके बंद; आत शेगडी, शेक आणि धुरी. सोयरामुळे स्पर्श झालेली वस्तू टाकून द्यावी लागे, म्हणून अंथरूण द्यावयाचे ते टाकाऊ, चिंध्या द्यावयाच्या त्या अडगळीतल्या. बाळासाठी इतक्या मायेने दुपटी शिवणारे घर बाळाच्या आईस मळकट घोंगडीवर निजवीत असे. त्यात कोणाचे क्रौर्य नव्हते, अज्ञान होते. पण माणूस अज्ञानानेही मरतो.

विशेष खेदाची गोष्ट ही की, आपल्याच पूर्वजांनी याच्या उलट सांगून ठेवले होते. नववा महिना लागण्यापूर्वी सूतिकागृह तयार करावे, जागेत हाडे, खडे, खापऱ्या नसाव्यात, पाणी, अग्नी, स्नानाची व शौचाची जागा यांची सोय असावी, असे चरक सांगतो. बाळाचे अंथरूण-पांघरूण मऊ, हलके, स्वच्छ व सुगंधी असावे. मळलेले टाकून द्यावे. दुसरे मिळण्यासारखे नसेल तर तेच नीट धुऊन, धूप देऊन, कोरडे करून वापरावे, हाही त्याचाच नियम. खेळणी रंगीत, आवाज करणारी व हलकी असावीत. टोकदार नसावीत आणि तोंडात जातील इतकी लहान नसावीत, इतका बारकावा त्याने पाहिला आहे. सुश्रुताने तर प्रसूतीस जवळ असणाऱ्या चार अनुभवी वृद्ध स्त्रियांची नखे कापलेली असावीत, असे स्पष्ट लिहिले आहे. फुले, झोपाळा आणि गाणी आपल्या घरांनी शतकानुशतके जपली. कापलेल्या नखांचा नियम मात्र विसरला.

युरोपातही ह्या नियमाचा शोध नव्याने लागावा लागला. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात १८४७ च्या एप्रिलात एका प्रसूतिविभागात शेकडा १८ च्या आसपास माता दगावत होत्या. त्याच वसंतात, मे महिन्यात, डॉ. सेमेलवाइस ह्यांनी क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुतल्यावाचून कोणी प्रसूत स्त्रीस तपासू नये, असा दंडक घातला. जूनमध्ये हे प्रमाण शेकडा २ च्या आसपास उतरले. तरीही त्यांचे म्हणणे मान्य व्हावयास बराच काळ जावा लागला.

आपल्याकडे ह्या अंधाऱ्या खोलीचे दार उघडण्याचा ध्यास जिने घेतला, ती स्वतः त्या दुःखातून गेलेली होती. कल्याण येथे १८६५ मध्ये जन्मलेल्या आनंदीबाई जोशी वयाच्या चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि दहा दिवसांत त्यांचे बाळ गेले. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर ते वाचते, ह्या जाणिवेतून त्या अमेरिकेस गेल्या आणि फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या देशात बसून त्या आपल्याच घराच्या विसरलेल्या विद्येचा धांडोळा घेत होत्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचा अंत झाला; विद्येचा उपयोग करण्यास अवधी मिळाला नाही. परंतु १८८६ सालीच मुंबईत खास स्त्रिया व मुले यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले होते, आणि तेथे स्त्री डॉक्टर स्त्रियांची सेवा करू लागल्या होत्या.

आणखी एका खोलीचा उल्लेख केल्यावाचून हा इतिहास पुरा होणार नाही. ज्यांच्यासाठी कोणीच दुपटे शिवीत नव्हते, ज्यांचे डोहाळे विचारणे तर दूरच, पण ज्यांचे गर्भारपण हाच गुन्हा मानला जाई, अशा विधवांसाठी जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ मध्ये पुण्यास बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. गुप्तपणे येऊन सुखरूप बाळंत व्हा, असे आश्वासन त्यांनी दिले. त्या गृहात आलेल्या काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा यशवंत यास फुले दांपत्याने १८७४ मध्ये दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला, आणि १८९७ च्या प्लेगात रुग्णांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाईंनी देह ठेवला. डोहाळजेवणाच्या गाण्यांत ह्या मातृत्वाचा उल्लेख नाही. आपण तो करावयास हवा.

शिवणारे हात आणि वाचविणारे हात एकत्र आणण्याचे काम रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने केले. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या ह्या संस्थेत स्त्रियांना शिवणकाम शिकविले जाई, आणि त्याच संस्थेच्या आश्रयाने स्त्रिया परिचारिकेचे शिक्षणही घेऊ लागल्या. पांढरपेशा घरातील स्त्रीने परक्याच्या बाळंतपणास हात लावावा, हे त्या काळी लोकांस खपत नसे. पण दुपटे शिवणे जर पुण्यकर्म, तर नाळ कापण्यापूर्वी कात्री उकळणे हे त्याहून कमी कसे?

आज परिस्थिती पालटली आहे. २०१८ ते २०२० ह्या काळातील सरकारी नोंदींनुसार दर एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण भारतात ९७ आणि महाराष्ट्रात ३३ होते. म्हणजे अंधारी खोली बहुतांशी गेली. पण ते ३३ दिवे विझलेच.

म्हणून, श्रोतेहो, येत्या चैत्रात कोणाच्या घरी हिरवा चुडा भरला जात असेल, तर झोपाळा अवश्य सजवावा, नानकटाई भाजावी, जुन्या लुगड्याची दुपटी शिवावीत. मात्र ती चरकाच्या नियमाप्रमाणे स्वच्छ धुऊन, उन्हात कडकडीत वाळवून ठेवावीत. आणि दिलीप राजाने विचारला तो प्रश्न विचारताना त्यात आणखी एकाची भर घालावी. ‘तुला काय खावेसे वाटते?’ हे आपण विचारतोच. ‘तुला कशाची भीती वाटते?’ हेही तिला विचारावे. आणि तिचे उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसावे.