हारवुड प्रयोग

कामगारांना सोबत घेऊन कामाची पद्धत बदलण्याविषयीचा एक आद्य प्रयोग. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात मॅरियन येथे हारवुड कंपनीचा पायजम्यांचा कारखाना होता; कामगार बहुतेक स्त्रिया. लेस्टर कॉक व जॉन फ्रेंच यांनी या प्रयोगाचा वृत्तांत 1948 मध्ये प्रसिद्ध केला. त्यामागे कुर्ट लेविन यांच्या गटविषयक विचारांची प्रेरणा होती.

बदल तसा किरकोळ. उदाहरणार्थ, एका गटाने इस्त्री केलेले पायजमे पुठ्ठ्यावर रचायचे, ते आता खोक्यात रचायचे, एवढेच. पण त्याबरोबर उक्त्या कामाचा दरही बदलत होता आणि खरी मेख तिथेच होती. या गटाला बदल नुसता समजावून सांगितला. त्यांचे उत्पादन घसरले ते सावरलेच नाही, कुरबुरी वाढल्या आणि पहिल्या 40 दिवसांत 17 टक्के कामगार सोडून गेले.

इतर गटांपुढे दोन एकसारखे कपडे ठेवले. एकाची विक्रीची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट होती, पण स्वस्त कोणता ते कोणालाच ओळखता येईना. खर्च कमी करण्याची निकड भाषणाविना पटली. ज्या गटांत प्रत्येकीने नवी पद्धत ठरवण्यात भाग घेतला, त्यांचे उत्पादन पूर्वीपेक्षा सुमारे 14 टक्क्यांनी वाढले आणि कोणीही नोकरी सोडली नाही. पहिल्या गटातील उरलेल्यांना पुढे याच रीतीने दुसऱ्या कामावर नेले, तेव्हा त्याही लवकर रुळल्या. म्हणजे दोष स्वभावाचा नव्हता. गट मात्र लहान होते. नॉर्वेतील पादत्राणांच्या कारखान्यात 1960 च्या सुमारास अशाच प्रयोगात उत्पादनात ठळक फरक आढळला नाही.