दगडाचा पत्ता

आपल्यापैकी पुष्कळांच्या देवघरात शाळिग्राम असेल. काळा, गुळगुळीत, आत चक्रासारखी वळणे असलेला. तो कोठला, असे विचारले तर आजी चटकन सांगेल, "गंडकीचा." भूशास्त्रज्ञ यात थोडीशी भर घालील. ते चक्र म्हणजे सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वी समुद्रात राहणाऱ्या एका प्राण्याच्या शंखाची खूण. आज जिथे हिमालय आहे तिथे एकेकाळी समुद्र होता, हे अशाच दगडांनी आपल्याला सांगितले.

पण दगडाची साक्ष खरी ठरायला त्याचा पत्ता खरा असावा लागतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव बरोबर, क्षेत्र बरोबर, आणि गट नंबर मात्र दुसऱ्याच गावचा, तर तो कागद काय कामाचा? जीवाश्माचेही तसेच. तो ज्या थरात सापडला त्या थराचे वय त्यावरून ठरते. पत्ता चुकला की डोंगराचा इतिहासच चुकतो.

चंदीगडच्या पंजाब विद्यापीठात विश्वजित गुप्ता नावाचे प्राध्यापक होते. १९६० नंतरच्या पाव शतकात हिमालयातील जीवाश्मांवर त्यांच्या नावाने ३००हून अधिक शोधनिबंध निघाले. सहलेखक शंभराहून जास्त, त्यांत परदेशातले नामवंतही. पद्धत साधी होती. नमुने गुप्तांनी पुरवायचे, ओळखायचे तज्ज्ञाने. तज्ज्ञाची ओळख बहुधा बरोबरच असे. नमुना कुठून उचलला, एवढेच तेवढे गुप्तांच्या शब्दावर सोडलेले.

ऑस्ट्रेलियातील मॅक्वायरी विद्यापीठाचे जॉन टॅलंट यांना शंका आली ती इथेच. हिमालयातले म्हणून छापलेले काही शंख हुबेहूब मोरोक्कोतल्या शंखांसारखे होते, आणि मोरोक्कोचे असे शंख युरोपातल्या दुकानांत सर्रास विकत मिळत. कोनोडाँट नावाचे दातांसारखे सूक्ष्म अवशेष तर अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात अॅम्सडेल क्रीक या ओढ्याकाठी मिळणाऱ्या, सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वीच्या नमुन्यांशी तंतोतंत जुळत होते. गंमत अशी, की तेच अवशेष हिमालयात एकमेकांपासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या ठिकाणी सापडल्याचे छापले गेले होते! आणि ठिकाणांची वर्णने इतकी मोघम, की शोधायला जाणाऱ्याने जावे तरी कुठे?

एप्रिल १९८९मध्ये टॅलंट यांनी 'नेचर' या साप्ताहिकात हे सारे उघडपणे मांडले. गुप्तांनी आरोप नाकारले, त्याच साप्ताहिकात उत्तरही दिले. विद्यापीठाने चौकशी नेमली आणि १९९४मध्ये त्यांच्यावर ठपका ठेवला गेला. तरी नोकरी गेली नाही. २००२मध्ये ते रीतसर निवृत्त झाले.

आता कोणी म्हणेल, चार दगडांची अदलाबदल झाली, त्यात कोणाचे काय बुडाले? बुडाले ते पुढच्या अभ्यासकांचे. खोटी नोट बाजारात शिरली की खऱ्या नोटेकडेही माणूस संशयाने पाहतो. शेकडो निबंधांत खरे किती नि खोटे किती, हे निवडायचे तर प्रत्येक खिंड पुन्हा चढायची, प्रत्येक थर पुन्हा फोडायचा. तोवर त्या निबंधांवर आधारलेला दुसऱ्या कोणाचा प्रामाणिक लेखही लंगडाच राहतो.

आणि दोष एकट्याचा म्हणून आपल्याला हात झटकता येत नाहीत. नमुना हाती आल्यावर "ही जागा मला दाखवा" असे म्हणणारा सहलेखक वेळीच निघाला असता, तर प्रकरण इतके लांबले नसते. विद्वान माणसाला पत्ता विचारणे आपल्याला अवघड वाटते. त्यात अविश्वास दिसेल अशी भीती वाटते. खरे पाहता ज्याने दगड स्वतः उचलला आहे त्याला या प्रश्नाचा राग यायचे कारणच नाही. तो आनंदाने वाट दाखवील, आणि जमल्यास बरोबरही येईल.