शिपाई आणि बुणगे

‘बाजारबुणगे’ हा शब्द आज मराठीत जवळजवळ शिवीसारखा वापरला जातो. सभेला जमलेली बिनकामाची गर्दी, पुढाऱ्याच्या मागेपुढे करणारा लवाजमा, एखाद्या चळवळीत फायद्यापुरते शिरलेले लोक, या सर्वांची बोळवण आपण याच शब्दाने करतो. शब्दाचा मूळ अर्थ मात्र निंदेचा नाही. सैन्याबरोबर चालणारे सामानसुमान, बाजार आणि बिनलढाऊ माणसे म्हणजे बुणगे. घोड्यांचे मोतद्दार, पखालजी, बैलांवर धान्य वाहणारे, लोहार, चांभार, आचारी, तंबू ठोकणारे हे सगळे त्यात आले. १७६१ च्या पानिपतानंतर पराभवाचे खापर ज्यांच्या ज्यांच्या माथी फुटले, त्यांत या बुणग्यांचा क्रमांक बराच वरचा आहे. शब्दाला आलेली अवकळा एकट्या पानिपताने आली असे आम्ही म्हणणार नाही. पण लढणारा तो मर्द आणि बाकीचे ओझे, ही समजूत त्या शब्दात कायमची मुरली, हे खरे.

युद्ध चालवणाऱ्यांची समजूत निराळी होती. १८०३ मध्ये दख्खनेत उतरलेल्या आर्थर वेलस्लीच्या पत्रव्यवहारात तोफांइतकीच काळजी बैलांची आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांची दिसते. धान्य आले नाही तर आसईची लढाई सुरू होण्यापूर्वीच संपली असती, हे त्याला ठाऊक होते. तरीही आसई म्हटले की वेलस्ली आठवतो, शिंद्यांचे गोलंदाज आठवतात. बैल हाकणारे कोणालाच आठवत नाहीत.

सैन्यात शिरताना लढणारा व्हावे की लढणाऱ्यांची सोय पाहणारा, हा आज व्यक्तीच्या आवडीचा आणि कुवतीचा प्रश्न मानला जातो. इंग्रजी अमदानीतल्या हिंदी सैन्यात तो तसा नव्हता. तेथे ही निवड बहुधा माणसाच्या जन्माबरोबरच झालेली असे. जन्माने केलेली ती निवड बदलून घेण्यासाठी पन्नास वर्षे झगडलेल्या एका समाजाचा इतिहास महाराष्ट्रात घडला आहे. महार पलटणींचा हा इतिहास आपल्याकडे एक तर अभिमानाने सांगितला जातो किंवा राजनिष्ठेच्या आरोपाने झाकोळला जातो. त्यातला नोकरीचा, म्हणजे ‘कोणते काम मागितले आणि का’ हा भाग या दोन्ही कथनांत मागे पडतो. आम्हांला तोच महत्त्वाचा वाटतो.

कंपनीच्या मुंबई लष्करात महारांची भरती मोठ्या प्रमाणावर होत असे. बंगालच्या लष्करात उच्चवर्णीयांचा भरणा होता आणि त्यांच्या सोवळ्याओवळ्याला सरकारी मान्यताही होती. मुंबईकडे एकाच पलटणीत मराठे, महार, मुसलमान आणि परदेशी शिपाई शेजारी शेजारी उभे राहत. १ जानेवारी १८१८ च्या कोरेगावच्या लढाईची आठवण म्हणून उभारलेल्या स्तंभावर मारल्या गेलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. ‘नाक’ या प्रत्ययाने संपणारी वीसहून अधिक नावे तेथे वाचता येतात. त्या लढाईचा राजकीय अर्थ काय, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आमचे लक्ष एका साध्या गोष्टीकडे आहे. ज्या माणसाचे नाव गावच्या दप्तरात वतनाच्या आणि बलुत्याच्या संदर्भाबाहेर क्वचितच आले असते, त्याचे नाव येथे दगडावर आले, आणि ते केवळ शिपाई म्हणून आले.

गावात महाराच्या वाट्याला कोणती कामे होती, हे आठवले की याचा अर्थ उलगडतो. निरोप पोहोचवणे, सरकारी सामान पुढच्या गावापर्यंत वाहणे, येणाऱ्या अंमलदाराची सरबराई, वेस राखणे, मेलेली गुरे ओढणे. लष्कराच्या भाषेत सांगायचे तर ही सगळी ‘बिनलढाऊ’ कामे. ओझे वाहण्यासाठी त्याला सैन्यात जाण्याची गरजच नव्हती. ते गावातही सक्तीने आणि फुकट करावे लागे. शिपाईगिरी हे असे एकच काम होते की जे जातीने त्याच्यासाठी नेमलेले नव्हते. बंदुकीबरोबर धोका येत होता, पण तिच्याबरोबर रोख पगार, पेन्शन, बढती आणि शाळाही येत होती. शिपायांच्या मुलांना लष्करी शाळेत शिक्षण मिळे. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ सुभेदाराच्या हुद्द्यापर्यंत चढले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. १८९१ मध्ये बाबासाहेबांचा जन्म झाला तो महूच्या छावणीत. येथे एक गंमत लक्षात घेण्याजोगी आहे. सुभेदार रामजींनी सैन्यात केलेले मोठे काम मास्तरकीचे, म्हणजे खरे तर साहाय्यकाचे. परंतु ते शिपाई म्हणून भरती झाले नसते, तर त्या शाळेच्या खुर्चीपर्यंत पोहोचण्याचा मार्गच त्यांना नव्हता.

हा मार्ग १८९२-९३ च्या सुमारास बंद झाला. १८५७ नंतर सैन्याची फेररचना सुरू झाली होती. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या कारकिर्दीत ‘लढाऊ जमाती’ची कल्पना सरकारी धोरण बनली, पंजाबी, पठाण, गुरखे हे जातिवंत लढवय्ये ठरले आणि मुंबई-मद्रासकडच्या शिपायांची किंमत उतरली. त्यातच पलटणींची मांडणी जातवार कंपन्यांत होऊ लागली. आता महारांना कोणाच्या शेजारी उभे करायचे, हा प्रश्न निघाला, आणि सरकारने तो भरतीच थांबवून सोडवला. तीन पिढ्या लढलेल्या समाजाला एका हुकमाने ‘न लढणारा’ ठरवण्यात आले.

त्यानंतर अर्जविनंत्यांचे सत्र सुरू झाले. महाडजवळच्या रावढळचे, सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज तयार केला. पुढे पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी हेच काम हाती घेतले. १९१० मध्ये त्यांचा अर्ज थेट विलायतेतल्या भारतमंत्र्यांपर्यंत गेला. या अर्जांतली एक गोष्ट वाचताना मनाला लागते. महार हे मूळचे क्षत्रिय, दुष्काळाने आणि काळाच्या फेऱ्याने खाली आलेले, असा युक्तिवाद वलंगकरांना करावा लागला. जन्मावरून माणसाचे शौर्य ठरवणारा सिद्धांत ज्यांच्या मुळावर आला, त्यांना त्याच सिद्धांताच्या भाषेत आपली बाजू मांडावी लागत होती. त्याबद्दल वलंगकरांना नावे ठेवण्यात अर्थ नाही. कचेरीला जी भाषा समजते त्या भाषेत अर्ज लिहावा लागतो.

१९१४ चे महायुद्ध आले आणि सरकारला माणसे हवी झाली. युद्धकाळात व त्यानंतर १९१९ च्या अखेरपर्यंत हिंदुस्थानातून सुमारे ८ लाख ७७ हजार लढाऊ आणि ५ लाख ६३ हजार बिनलढाऊ माणसे भरती झाली. दुसरा आकडा पहिल्याच्या जवळजवळ दोनतृतीयांश आहे, आणि आपल्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत तो क्वचितच सापडतो. लष्करी दप्तरात यांना ‘फॉलोअर’ म्हणत. बुणग्याचे हे इंग्रजी रूप. त्यांच्यातही उतरंड होती. खेचरे हाकणारे आणि डोलीतून जखमी वाहणारे कहार जरा वरचे. पखालजी, मेहतर, धोबी, न्हावी, चांभार, स्वयंपाकी हे खालचे. प्रत्येक कामाला एक जात आणि प्रत्येक जातीला एक काम. गावगाडा जणू गणवेश घालून आगबोटीवर चढला होता. पगार, शिधा, कपडे, जखमेची पेन्शन या सर्वांत शिपाई आणि नोकर यांच्यात अंतर होते. मेसोपोटेमियाच्या उन्हात आणि कॉलऱ्यात मात्र अंतर नव्हते.

कुत-अल-अमाराचा वेढा आपल्याला दूरचा वाटू नये. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत तेथे अडकलेली सेना म्हणजे सहावी डिव्हिजन, तिचे नावच ‘पूना डिव्हिजन’. १०३ आणि ११० क्रमांकाच्या मराठा पलटणी तिच्यात होत्या. शरणागतीनंतर जे सुमारे १३ हजार लोक तुर्कांच्या हाती पडले, त्यांत ३ हजारांहून अधिक हे बिनलढाऊ नोकर होते. पुढे कैदेत हा भेद पुसला गेला; बगदाद रेल्वेच्या बांधकामावर हिंदी शिपायांनाही मजुरीच करावी लागली. माणसे कमी पडू लागली तेव्हा शिक्षेत सूट देऊन तुरुंगांतले कैदी मजूर म्हणून इराकला नेण्यात आले. फ्रान्ससाठी मजूर पथके उभारताना मणिपूरच्या डोंगरांत कुकी लोकांनी १९१७ मध्ये बंड केले, तेही या सक्तीच्या भरतीविरुद्ध. ओझे वाहण्यासाठी स्वखुशीने कोण जातो, या प्रश्नाचे हेही एक उत्तर म्हणावे लागेल.

बसरा येथील युद्धस्मारक १९२९ मध्ये खुले झाले. त्यावर हिंदी पलटणींतल्या अधिकाऱ्यांची नावे आहेत. साध्या शिपायांची फक्त संख्या आहे. कोरेगावच्या स्तंभाला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे झाली होती. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी शिपायांची नावे कोरली होती, त्यांच्याच वारसांना ती आता कोरावीशी वाटली नाहीत. मग पखालजीच्या नावाची गोष्टच कशाला?

याच काळात एका माणसाने साहाय्यकाचे काम आपखुशीने निवडले होते, त्याचा उल्लेख टाळून चालणार नाही. गांधीजींनी १८९९ मध्ये बोअर युद्धात सुमारे ११०० हिंदी लोकांचे रुग्णवाहक पथक उभे केले आणि स्वतः डोली खांद्यावर घेतली. पण मागे राहून मदत करणारा लढाईच्या पापातून सुटतो, असे त्यांनी कधी मानले नाही. दरोडेखोरांचे सामान वाहणारा, त्यांच्यासाठी पहारा करणारा किंवा त्यांच्या जखमा बांधणारा हाही दरोड्यात सामील, असे ते आत्मकथेत स्पष्ट म्हणतात. १९१८ मध्ये खेड्यातल्या शेतकऱ्यांना शिपाई म्हणून भरती व्हा, असे सांगत ते गावोगाव हिंडले, ते या तर्काला धरूनच. नैतिक दृष्टीने त्यांचे म्हणणे बिनतोड आहे. मात्र डोली उचलणे ही त्यांची निवड होती. डोली उचलणाऱ्या कहाराच्या घरात जन्मलेल्याची ती नव्हती. लढणारा आणि न लढणारा यांत भेद नाही, हे ज्याला दोन्ही दारे उघडी आहेत तो म्हणू शकतो. वलंगकरांना ते म्हणता आले नसते.

महारांना महायुद्धाने १९१७ मध्ये त्यांची पलटण दिली, तिचा क्रमांक १११. चार वर्षांत, १९२१ मध्ये, काटकसरीच्या नावाखाली ती मोडण्यात आली. गरज असेल तेव्हा लढवय्ये आणि गरज सरली की पुन्हा बिगारी! १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत आंबेडकर बोलले, तेव्हा लष्कराची दारे बंद झाल्याने अस्पृश्य समाजाची झालेली हानी हा त्यांच्या भाषणातला एक प्रमुख मुद्दा होता. तो परिसरच पेन्शनर सुभेदार-हवालदारांचा. चवदार तळ्याकडे शिस्तीने चालत गेलेल्या त्या मिरवणुकीला कवायत कोठून आली असेल, असा विचार आमच्या मनात नेहमी येतो.

१९४१ च्या जुलैमध्ये आंबेडकर संरक्षण सल्लागार मंडळावर गेले आणि १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. १९४६ मध्ये तिला मशीनगन रेजिमेंटचे रूप मिळाले. तिच्या बिल्ल्यावर व्हिकर्स मशीनगनांबरोबर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

येथे एक आक्षेप घेता येईल, आणि तो आम्हांला गंभीर वाटतो. बंदूक मागणाऱ्यांनी झाडूची आणि पखालीची अप्रतिष्ठा मान्य केली असे होत नाही का? पाणी आणणाऱ्यावाचून सैन्य दोन दिवस टिकत नाही. मग पाणी आणण्यालाच प्रतिष्ठा का मागितली नाही? किपलिंगने आपल्या गंगा दीन या भिस्त्याचे कौतुक केले, ते याच चालीचे. पण कौतुकाने भिस्त्याचा पगार वाढला नाही आणि त्याचा मुलगा शाळेत गेला नाही. कामाची प्रतिष्ठा ही त्या कामातून बाहेर पडण्याची मुभा असेल तरच प्रतिष्ठा ठरते, एरवी तो जुन्या बेडीला दिलेला मुलामा. अर्जदारांनी तो मुलामा नाकारला, हे आम्हांला योग्य वाटते. तरीही त्यांच्या यशाने मेहतराच्या आणि पखालजीच्या स्थितीत काही फरक पडला नाही, हेही नोंदवले पाहिजे. त्यांच्यासाठी कोणी अर्ज केला नाही.

२०२२ पासून अग्निवीर भरती सुरू झाली. तिच्यातही ‘जनरल ड्यूटी’ आणि ‘ट्रेड्समन’ असे वेगळे गट आहेत. ट्रेड्समनमध्ये स्वयंपाकी, धोबी, न्हावी, मेस आणि घरकाम पाहणारे येतात. यादी ओळखीची वाटावी. फरक असा की यादीसमोर आता जात लिहिलेली नाही, शिक्षण लिहिलेले आहे. जीडीला दहावीत सरासरी ४५ टक्के गुण लागतात, ट्रेड्समनला दहावी उत्तीर्ण पुरते, काही कामांना आठवी. पहाटे डांबरी रस्त्यावर धावून घामेजल्या अंगाने आमच्या तासाला येऊन बसणारी मुले बोलताना ‘जीडी’ हा शब्द मोठ्याने उच्चारतात आणि ‘ट्रेड्समन’ हा जरा खालच्या आवाजात. निवड झाली की गावच्या चौकात फलक लागतो. त्यावर फेटा बांधलेला फोटो असतो, मित्रमंडळाची नावे असतात आणि ‘भारतीय सैन्यदलात निवड’ एवढेच लिहिलेले असते. कोणत्या कामावर, ते फलकावर नसते.