बेडकुळी, पेर आणि शीर

शर्टाची बाही वर सारायची, मूठ आवळायची, हात कोपरात दुमडायचा आणि दंडावर जो उंचवटा येतो तो चारचौघांना दाखवायचा. ही बेडकुळी. मधल्या सुट्टीत ज्याची बेडकुळी मोठी, त्याची वर्गात वट. वैद्यकाच्या पुस्तकात तिचं नाव बायसेप्स, म्हणजे लॅटिनमध्ये ‘दोन डोक्यांचा’, कारण हा स्नायू खांद्याकडे दोन मुळांनी सुरू होतो. ती दोन डोकी बघायची तर हात उघडायला हवा. मराठीने हात उघडला नाही. तिला दिसलं ते कातडीखाली टुणकन वर येणारं आणि हात सैल सोडला की दडी मारणारं बेडूक.

रोमनांना त्याच जागी उंदीर दिसला. ‘मसल’ हा शब्द लॅटिनमधल्या ‘मुस्कुलुस’वरून आला, आणि मुस्कुलुस म्हणजे छोटा उंदीर. ग्रीकमध्येही ‘मूस’ म्हणजे उंदीर आणि स्नायू, दोन्ही. आपला मूषक याच घराण्यातला. लॅटिनमध्ये ‘लाकेर्तुस’ असा आणखी एक शब्द आहे. त्याचा एक अर्थ दंड, दुसरा सरडा. हिंदीवाले पैलवानाच्या दंडावरच्या मछलीचं कौतुक करतात. उंदीर, सरडा, मासा, बेडूक: माणसाच्या दंडात एवढी जित्राबं नांदत असतील असं कुणाला वाटलं असतं?

हाताची बहुतेक मराठी नावं अशीच बाहेरून बघून ठेवलेली आहेत आणि ती झकास आहेत. कातडीच्या आत शिरलो की मात्र आपली भाषा गडबडते. तिकडे नंतर येऊ. आधी बाहेरचा ऐवज.

‘हात’ संस्कृत हस्तातून आला, वाटेत प्राकृतात ‘हत्थ’ झाला. हिंदी-गुजरातीने त्यातला ‘थ’ जपला, मराठीने तो टाकून ‘त’ ठेवला. शब्दाच्या मध्ये-शेवटी महाप्राण टाकायची मराठीची ही खोडच आहे. हिंदीची भूख आपल्याकडे भूक होते. हाथी हत्ती होतो, आणि हत्ती म्हणजे तरी काय, सोंडेचा हात असलेला, ‘हस्तिन्’. खांदाही तसाच: संस्कृत स्कंध, प्राकृत खंध, मराठी खांदा. स्कंध म्हणजे झाडाच्या बुंध्याला जिथून फांद्या फुटतात ती जागाही. ‘दंड’ म्हणजे काठी. वरच्या हाताला ते नाव का पडलं हे सांगायला नको. याच काठीने शिक्षा व्हायची म्हणून वाहतूक पोलिस घेतो तोही दंड. तालमीत मारतात तेही दंड.

तालीम हा मूळचा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. तिथले वस्ताद आणि पैलवान फारसीतून आले. पंजाही फारसी, ‘पंज’ म्हणजे पाच. पंजाबातला पंज तो हाच, आणि आपल्या पंचाचा सख्खा भाऊ. कुस्तीचा फड अगदी गावच्या मातीतला, पण तिथली बोली निम्मी तरी बाहेरून आलेली आहे, याची लाल मातीला काही अडचण झाली नाही.

आता कोपर. संस्कृतात कूर्पर. सुश्रुताने शरीरातली जी 107 मर्मं सांगितली त्यात कूर्पर आहे, मणिबंधही आहे. कूर्पराला इजा झाली तर हात वाकडा राहतो, असं तो बजावतो. मराठीने कोपराचा वापर मात्र मुख्यतः दुसऱ्याला इजा करण्यासाठी केला. कोपरखळी मारायची ती याच हाडाने. नको असलेल्या गोष्टीला नमस्कार करायचा तोही कोपरापासून. आणि कुणाला आशेवर झुलवत ठेवायचं तर त्याच्या कोपराला गूळ लावायचा. हा वाक्प्रचार ज्याने घडवला त्याचं शरीरशास्त्राचं निरीक्षण पक्कं होतं: दंडाचं हाड आणि मान यांची लांबी अशी आहे की आपली जीभ आपल्या कोपराला पोचत नाही. करून बघा. वाचणाऱ्यांतले निम्मे आत्ता करून बघतीलच.

या कोपराला मराठी घराघरात इंग्रजी नाव मिळालं ते 2004 साली. सचिन तेंडुलकरच्या कोपराचं दुखणं ‘टेनिस एल्बो’ आहे असं वर्तमानपत्रांत आलं, आणि क्रिकेटवाल्याला टेनिसचा आजार कसा झाला या कोड्यावर चहाच्या टपऱ्या चालल्या. 2005 मध्ये त्याच्यावर शस्त्रक्रियाही झाली. कोडं काहीच नव्हतं. मनगट मागे ओढणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या टोकावर येऊन चिकटतात. तिथली दोरी पुन्हा पुन्हा ताणून झिजली की हे दुखणं सुरू होतं. जड बॅटने ते होतं, चादरी पिळूनही होतं. ज्यांना हे दुखणं जडतं त्यातल्या बहुतेकांनी आयुष्यात टेनिसची रॅकेट धरलेली नसते. 1873 मध्ये रुंगे नावाच्या जर्मन डॉक्टराने त्याचं पहिलं वर्णन केलं ते लिहिण्याने हात दुखणाऱ्यांच्या संदर्भात. टेनिसचं नाव त्याला दहा वर्षांनी, 1883 मध्ये, इंग्लंडात लॉन टेनिसची हौस भरात असताना चिकटलं. नाहीतर आज आपण ‘कारकुनी कोपर’ म्हणालो असतो आणि एकाही वर्तमानपत्राने ती बातमी छापली नसती.

खाली मनगट. संस्कृतातला मणिबंध म्हणजे जिथे मणी बांधायचा ती जागा. दागिना आधी, सांधा नंतर. इंग्रजी ‘रिस्ट’ पिळण्याच्या धातूवरून आला, म्हणजे त्यांनी सांधा काय करतो ते पाहिलं. या मनगटात आठ छोटी हाडं दोन ओळींत बसवलेली आहेत, आणि त्यांना नावं देणाऱ्यांनी आकारांची चंगळ केली: एक चंद्रकोरीसारखं, एक वाटाण्यासारखं, एक आकडीचं, एक तीनकोनी. अंगठ्याच्या बाजूचं ते स्कॅफॉइड, ग्रीक ‘स्काफे’ म्हणजे होडी. धावता धावता तोल गेला की माणूस हात पुढे टेकतो, आणि तो सगळा भार या होडीवर येतो.

ही होडी फसवी आहे. तिला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या बोटांकडच्या टोकातून आत शिरतात आणि उलट दिशेने मागे जातात. हाड मध्ये मोडलं की मागच्या तुकड्याचं रक्त तुटतं. तो तुकडा मरूही शकतो. त्यात भर म्हणजे पहिल्या एक्स-रेत ही भेग बऱ्याचदा दिसतच नाही. सूज बेताची, बोटं हलतात, म्हणून ‘मुरगळला असेल’ म्हणत पोरगं पुन्हा मैदानात उतरतं. ओळखायची खूण साधी आहे. अंगठा ताठ वर करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला, दोन ताणलेल्या दोऱ्यांमध्ये एक खळगा पडतो. युरोपातले शौकीन त्यात तपकीर ठेवून ओढत, म्हणून फ्रेंच शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तपकिरीची डबी असंच नाव दिलं आणि ते जगभर टिकलं. आपल्याकडे तपकिरीने एका रंगाला नाव दिलं, या खळग्याला नाही दिलं. पडल्यानंतर तिथे दाबून दुखत असेल तर एक्स-रे साफ आला तरी हात बांधून ठेवावा आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासावा, असा डॉक्टरांचा शिरस्ता आहे.

बोटांकडे आलं की मराठी पुन्हा रंगात येते. बोट हा शब्द संस्कृत अंगुलीशी नातं सांगत नाही. त्याचं सोयरं कन्नडमध्ये आहे. तिथे ‘बोट्टु माडु’ म्हणजे बोट दाखवणं, दोष देणं. कृष्णेच्या दोन्ही काठांवर माणसं एकमेकांना एकाच शब्दाने दोष देतात. बोटाच्या दोन सांध्यांमधला भाग तो पेर. उसाच्या दोन गाठींमधलं तेही पेर. शब्द ‘पर्व’च्या कुळातला, ज्याचा मूळ अर्थ गाठ, सांधा, महाभारताची पर्वं म्हणजे तरी गोष्टीची पेरंच. ग्रीकांनी याच हाडांना फॅलँक्स म्हटलं, रांगेत उभी असलेली सैन्याची तुकडी. त्यांना बोटांत पलटण दिसली, आपल्याला उसाचं कांडं. अंगठ्याची दोन आणि बाकी बोटांची तीन-तीन अशी ही चौदा हाडं. तळव्यातली पाच आणि मनगटातली आठ धरून एका हातात सत्तावीस.

तर्जनी म्हणजे धाक दाखवणारी, ‘तर्ज्’ म्हणजे दरडावणे. अंपायर फलंदाजाला घरी पाठवतो तो हेच बोट वर करून, तेव्हा नाव अजून सार्थ आहे. अनामिका म्हणजे बिननावाची. कवींची गणती करताना करंगळीवर कालिदास आला, पुढच्या बोटासाठी त्याच्या तोडीचा कुणी सापडेना, म्हणून ते बोट अनामिका, ही गोष्ट संस्कृतचे मास्तर रंगवून सांगत. गोष्ट चांगली आहे, पण चिनी, रशियन आणि फिनिश भाषांतही हे बोट बिननावाचंच आहे, आणि तिकडे कुणी कालिदास मोजत नव्हतं. पळत्या खेळाडूचा टी-शर्ट पकडताना बोट वाकवणारी दोरी हाडापासून तुटते, त्या इजेला ‘जर्सी फिंगर’ म्हणतात. ती बहुतेक वेळा या अनामिकेलाच होते. तिच्या कपाळी स्वतःच्या नावाने ओळखलं जाणं नाहीच.

उलट प्रकार मॅलेट फिंगरचा. चेंडू बोटाच्या टोकावर आदळतो, टोक सरळ ठेवणारी दोरी तुटते आणि शेवटचं पेर खाली लोंबतं. मैदानावर अशा वेळी एक तज्ज्ञ हमखास पुढे येतो आणि “थांब, खेचून देतो” म्हणतो. त्याला खेचू देऊ नये. बोटाला पट्टी लावून ते सहा-आठ आठवडे ताठ ठेवणं हा खरा उपाय, आणि मध्ये एकदा जरी वाकलं तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ‘बॉक्सर्स फ्रॅक्चर’ या नावातही जरा फसवणूक आहे. करंगळीमागचं हे हाड कसलेल्या मुष्टियोद्ध्याचं फारसं मोडत नाही. रागाच्या भरात भिंतीवर गुद्दा घालणाऱ्याचं मोडतं.

बोटं मोडण्याचं मात्र काही वाईट नाही, निदान हाडांना. सांध्यातल्या वंगणात वायूचा बुडबुडा तयार होतो, त्याचा तो आवाज. डोनाल्ड अंगर या अमेरिकन डॉक्टरने साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडून दुसऱ्या हाताशी ताडून पाहिली. संधिवात दोन्हीकडे नव्हता. त्याबद्दल 2009 मध्ये त्याला विनोदी इग नोबेल मिळालं. आपल्याकडे दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडतात, त्याचे परिणाम त्याने तपासलेले नाहीत.

आता कातडीच्या आत जाऊ. इथे ‘स्नायू’ या शब्दाने देशभर गोंधळ घातला आहे. मराठीत आणि गुजरातीत स्नायू म्हणजे मसल. बंगालीत स्नायू म्हणजे नर्व्ह. आपण ज्याला शीतयुद्ध म्हणतो त्याला ते ‘स्नायुयुद्ध’ म्हणतात, आणि मराठी माणसाला वाटतं कुस्ती चालली आहे. सुश्रुताच्या ग्रंथात स्नायू 900 आणि पेशी 500. त्याचा स्नायू म्हणजे हाडं-सांधे बांधून ठेवणारी चिवट दोरी, आणि मांसाचा गोळा ती पेशी. हिंदीने पेशी जागेवर ठेवली, म्हणून तिकडे मांसपेशी. आपण पेशी हा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या सेलला देऊन टाकला, मग रिकाम्या जागी स्नायू आणून बसवला. दोरीला नावच उरलं नाही. पुस्तकात कंडरा, स्नायुबंध, अस्थिबंध आहेत. मैदानावर मात्र लिगामेंट फाटतं आणि टेंडन तुटतो.

ग्रीकांचंही असंच झालं होतं. त्यांचा ‘नेउरोन’ हा आपल्या स्नायूचाच नातलग, अर्थही तोच: दोरी, धनुष्याची प्रत्यंचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात शवविच्छेदन सुरू झालं, संवेदना वाहणारे तंतू वेगळे ओळखू आले, आणि तो शब्द त्यांना चिकटला. न्यूरॉन, न्यूरॉलॉजी हे त्याचे वंशज. एकाच घरातला शब्द तिकडे नर्व्ह झाला, इकडे मसल.

लोकांनी या गोंधळातून आपली वाट काढली: सगळ्याला ‘शीर’. मूळ सिरा, रक्तवाहिनी. पण शीर दबते तेव्हा ती नर्व्ह असते, शिरेवर शीर चढते तेव्हा स्नायू, आणि शीर ताणली गेली म्हणतात तेव्हा बहुधा दोरी. शीर दुखावली हे ऐकून डॉक्टरला काहीही कळत नाही. नामांच्या बाबतीत आपण इथे दरिद्री आहोत, हे कबूल करावं.

क्रियापदांच्या बाबतीत मात्र मराठी श्रीमंत आहे. खरचटलेलं चुरचुरतं, सोललेलं हुळहुळतं, सुजलेलं ठणकतं, पिकलेलं ठसठसतं. गोलंदाजाचा हात दिवसाच्या शेवटी भरून येतो, झेल घेताना खांद्यातून चमक निघते, तासभर बॅट धरून हाताला रग लागते. मनगट लचकतं, मुरगळतं, आखडतं, खांदा निखळतो, हाड पिचतं किंवा मोडतं, आणि या दोन्हींतला फरक आजीलाही कळतो. मुका मार तर अस्सल शब्द: कातडी फुटत नाही, रक्त येत नाही, म्हणून मार बोलत नाही. यातल्या प्रत्येकामागे वेगळी इजा आहे. सुश्रुतानेही निखळलेल्या सांध्यांचे सहा प्रकार केले ते हालचालींवरूनच. मोडलेला हात जुळल्यावर त्याने रोग्याच्या मुठीत आधी मातीचा गोळा द्यायला सांगितला आणि बळ आल्यावर दगड. आजचे फिजिओथेरपिस्ट रबरी चेंडू देतात.

तेव्हा डॉक्टरांसमोर बसाल तेव्हा नाम विसरा, क्रियापद सांगा. ठणकतं की चमकतं, आखडतं की निखळल्यासारखं वाटतं, की नुसत्या मुंग्या येतात. मुंग्या येत असतील तर कोणत्या बोटांना तेही नीट बघून जा: करंगळी आणि तिच्या शेजारची अर्धी अनामिका असेल तर बिघाड बहुधा कोपराशी असतो, अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट असेल तर मनगटाशी.